पाथरीचे कुलकर्ण आणि अहमदनगरचे तख्त : एका पूर्वजशोधाची चिकित्सा

१

श्राद्धकर्मात कर्त्याला पितृपक्षाकडील तीन नावे उच्चारावी लागतात : पिता, पितामह आणि प्रपितामह. त्यापलीकडच्या पूर्वजांना वेगळे नाव उरत नाही. ते पितरांच्या समूहात विलीन होतात. धर्मशास्त्राने घालून दिलेली ही मर्यादा कुटुंबाच्या स्मरणशक्तीचीही मर्यादा आहे, असे अनुभवास येते. ज्या घरात दप्तर नाही, त्या घरात चौथ्या पिढीचे नाव निश्चितपणे सांगणारा मनुष्य विरळा. चौथ्या पिढीपासून पुढचा शोध हा स्मरणाचा न राहता साधनांचा विषय होतो, आणि साधने आली की त्यांची चिकित्साही ओघानेच येते.

विसाव्या शतकात महाराष्ट्रातील अनेक घराण्यांनी आपापले कुलवृत्तांत परिश्रमपूर्वक संकलित करून छापले. या वाङ्मयाची उपयुक्तता मोठी आहे. तथापि त्यातील पहिली काही पाने, म्हणजे मूळ पुरुषाविषयीची पाने, बहुधा सर्वांत दुर्बळ असतात. मूळ पुरुष कोठून तरी 'आला', त्याने कोणाची तरी सेवा केली आणि त्यास वतन मिळाले, अशी ती कथा असते. हा आलेला पुरुष ज्या गावाहून आला तेथे त्याचा मागमूस लागत नाही. पूर्वजाचे हे निसटणे नेमके कोठे व कोणत्या कारणाने घडते, याचा विचार एखाद्या निश्चित उदाहरणाच्या आधारे करणे इष्ट ठरेल. अहमदनगर जिल्ह्यापुरते पाहिले तर असे उदाहरण शोधण्यास दूर जावे लागत नाही. ज्या घराण्याने हे शहर वसविले, त्या निजामशाही घराण्याचाच मूळ पुरुष असा निसटता आहे.

२

निजामशाहीचा संस्थापक मलिक अहमद याने १४९० साली बहामनी सैन्याचा पराभव केला आणि पुढे काही वर्षांतच सीना नदीकाठी, भिंगारनजीक, त्या विजयाच्या जागी अहमदनगर शहर उभारले. त्याचा पिता मलिक हसन हा बहामनी राज्यात 'निजाम-उल्-मुल्क बहरी' या किताबाने प्रसिद्ध होता. १४८१ साली महमूद गावान याचा वध झाल्यावर तो राज्याचा मुख्य सूत्रधार बनला आणि १४८६ साली बीदर येथे मारला गेला. इतिहासाला निश्चितपणे ठाऊक असलेला या घराण्याचा हा पहिला पुरुष होय. त्याच्या मागे काय होते?

या प्रश्नाचे प्रसिद्ध उत्तर मुहम्मद कासिम फिरिश्ता याच्या इतिहासात आहे. जॉन ब्रिग्ज याने १८२९ साली प्रसिद्ध केलेल्या इंग्रजी भाषांतरामुळे ते सर्वत्र पसरले. फिरिश्ता सांगतो की, हसन हा जन्माने विजयनगरच्या मुलखातील ब्राह्मण. त्याचे मूळ नाव तिमापा व त्याच्या बापाचे नाव भैरू. अहमदशहा बहामनीच्या सैन्याने त्याला बालवयात पकडून आणले, मुसलमान करून हसन असे नाव दिले व राजसेवकांत वाढविले. बापाच्या नावावरून त्याला 'हसन भैरू' म्हणत. परंतु त्याचा सोबती असलेल्या शाहजाद्याला हा शब्द नीट उच्चारता येईना, म्हणून 'भैरू'चे 'बहरी' झाले.

याच इतिहासात पुढे दुसरी माहिती येते. विजयनगरास जाण्यापूर्वी या घराण्याचे पूर्वज पाथरीचे कुलकर्णी होते. काही कारणाने ते तेथून निघून विजयनगरच्या मुलखात गेले. अहमदनगरास राज्य स्थापन झाल्यावर पाथरीचे ब्राह्मण भाऊबंद नव्या दरबारी आले आणि आपले मूळ गाव निजामशाहीत घ्यावे, असा आग्रह धरू लागले. पाथरी तेव्हा वऱ्हाडच्या इमादशाहीत होती. मुलखाची अदलाबदल करण्याची सूचना इमादशहाने मानली नाही. तेव्हा १५१८ साली बुऱ्हाण निजामशहाच्या सैन्याने पाथरी जिंकली. ती पुन्हा हातची गेल्यावर १५२७ साली दुसऱ्यांदा घेतली, तेथील किल्ला जमीनदोस्त केला आणि तो प्रदेश ब्राह्मण भाऊबंदांना इनाम दिला. हे इनाम अकबराच्या काळापर्यंत चालले, असे फिरिश्ता नमूद करतो.

येथे एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. भैरू, हसन, अहमद, बुऱ्हाण असा हा क्रम. म्हणजे ज्या बुऱ्हाणाने पाथरीसाठी दोनदा युद्ध केले, त्याचा भैरू हा बरोबर प्रपितामह लागतो. घरातील स्मरण जेथवर पोहोचते त्या शेवटच्या पायरीवर हे नाव उभे आहे. कथेच्या बाजूने ही गोष्ट जितकी बोलते, तितकीच तिच्या विरुद्धही बोलते; कारण खरे स्मरण जेथवर पोहोचते, तेथवरच कल्पित स्मरणही विश्वसनीय वाटते.

३

फिरिश्त्याच्या वृत्तांताला समकालीन विरोध आहे. सय्यद अली तबातबाई याने दुसऱ्या बुऱ्हाण निजामशहाच्या (१५९१–१५९५) आश्रयाने 'बुऱ्हान-ए-मआसिर' हा इतिहास लिहिला. त्याच्या मते मलिक अहमद हा वस्तुतः बहामनी सुलतानाचा औरस पुत्र होता आणि मलिक हसन हा केवळ त्याचा पालक. हे खरे मानल्यास भैरू आणि पाथरी यांचा या वंशाशी रक्ताचा संबंधच उरत नाही.

दोन साक्षीदार परस्परविरुद्ध बोलत असता त्यांचे हितसंबंध तपासणे हा इतिहासपद्धतीचा प्राथमिक नियम आहे. तबातबाई दरबारचा लेखक. आपल्या धन्याचे कुल एखाद्या पकडून आणलेल्या मुलापासून निघाले, यापेक्षा ते दख्खनच्या जुन्या राजवंशापासून निघाले असे दाखविण्यात त्याचे हित उघड होते. त्या मानाने फिरिश्ता निःपक्षपाती वाटतो. त्याचा पिता अहमदनगरच्या राजपुत्राचा शिक्षक होता, तो स्वतः त्या दरबारात वाढला आणि १५८९ साली विजापूरला गेला. नगरातील बातमी त्याला होती आणि नगरच्या राजाची भीड त्याला उरली नव्हती.

परंतु एवढ्यावर त्याला प्रमाण मानता येत नाही. ज्या विजापूर दरबारासाठी त्याने लिहिले, त्या आदिलशाहीचा संस्थापक यूसुफ हा तुर्कस्तानच्या उस्मानी सुलतानाचा राजपुत्र असल्याची अद्भुत कथा त्यानेच मोठ्या तपशिलाने सांगितली आहे. आपल्या धन्याला राजवंश आणि शेजाऱ्याला गावकुलकर्ण्याचा वंश, अशी ही वाटणी आहे. शिवाय वऱ्हाडच्या इमादशाहीचा संस्थापक फत्हुल्ला हाही विजयनगरच्या मुलखातून लहानपणी पकडून आणलेला कानडी मुलगाच होता, असे फिरिश्ता लिहितो. त्या काळच्या युद्धांत मुले पकडली जात व पुढे त्यांतील काही मोठ्या पदाला चढत, यात संशय नाही. म्हणून दोन्ही कथा खऱ्या असू शकतात. तथापि दोन शेजारी राजवंशांचा आरंभ एकाच साच्यात बसतो, तेव्हा साचा आधी आणि माणसे नंतर अशी शंका घेणे अभ्यासकाचे कर्तव्य ठरते.

कालगणनेची कसोटी मात्र कथेला उतरते. अहमदशहा बहामनीची कारकीर्द १४३६ साली संपली; हसन १४८६ साली मारला गेला. त्या कारकिर्दीत तो पकडला गेला असेल, तर मृत्युसमयी त्याचे वय किमान पन्नास असले पाहिजे. ज्याचा मुलगा त्या वेळी मोठ्या जहागिरीचा कारभार पाहत होता, त्या पुरुषाच्या बाबतीत हे वय असंभाव्य नाही. अर्थात कालगणना कथेला शक्यतेच्या कक्षेत ठेवते. ती सिद्ध करीत नाही.

४

आता नावांकडे वळावे. पूर्वजशोधात नाव हा सर्वांत मोलाचा आणि सर्वांत फसवा पुरावा असतो.

'भैरव' या संस्कृत शब्दाची मराठी लोकभाषेतील रूपे पाहता 'बहिरव', 'बहिरोबा', 'बहिरू' अशी परंपरा दिसते. आरंभीच्या महाप्राण व्यंजनातील हकार सुटा होऊन पुढच्या अक्षरात जातो. नगर जिल्ह्यातील खेड्यांत बहिरोबाची ठाणी आजही आहेत. दुसरीकडे 'बहरी' हा शिकारी पक्ष्याचा वाचक शब्द मराठीतही 'बहिरी ससाणा' या जोडशब्दात रुळलेला आहे. म्हणजे मराठी कानाला देवाचे नाव आणि पक्ष्याचे नाव जवळजवळ एकच ऐकू येते. फारसी लिपीत मात्र त्यांचे लेखन भिन्न आहे. पक्ष्याच्या नावातील हकार वेगळ्या अक्षराने लिहितात. ही दोन अक्षरे अरबाच्या उच्चारात भिन्न, दख्खनी मनुष्याच्या उच्चारात एकच. शिवाय ऱ्हस्व स्वर न लिहिण्याच्या आणि महाप्राण वेगळा न दाखविण्याच्या तत्कालीन फारसी लेखनपद्धतीत 'भैरू' आणि 'बहिरू' यांत भेद करणेच अशक्य होते.

यावरून दोन अनुमाने संभवतात. पहिले, बापाचे 'बहिरू' हे नाव दरबारी वापरात आल्यावर त्याचे 'बहरी' या प्रतिष्ठित शब्दात रूपांतर झाले. त्यासाठी शाहजाद्याच्या बोबड्या उच्चाराची गरज नाही. मराठी बोलीतील रूप त्याला पुरेसे आहे. दुसरे, 'बहरी' हा किताब किंवा उपपद मुळात ससाण्यावरूनच पडले आणि त्याचा उगम सांगताना कोणीतरी मागाहून भैरव नावाचा बाप कल्पिला. भाषाशास्त्र या दोन्ही वाटा खुल्या असल्याचे दाखविते. त्यांपैकी कोणत्या वाटेने इतिहास गेला, हे ते सांगू शकत नाही. ध्वनिसाम्यावरून वंश सिद्ध करणाऱ्यांनी हा भेद लक्षात ठेवावा.

'तिमापा' हे नाव अधिक बोलके आहे. तिम्म आणि अप्प हे घटक कानडी व तेलुगू नामपद्धतीत सर्वत्र आढळतात. विजयनगरच्या मुलखात जन्मलेल्या मुलाला ते शोभते. मुलाचे नाव नव्या भूमीतील आणि बापाचे नाव मराठी व कानडी अशा दोन्ही मुलखांत चालणारे, ही योजना स्थलांतरित कुटुंबात स्वाभाविक आहे. परंतु देशस्थ घराण्यांचा कृष्णा-तुंगभद्रेकडील मुलखाशी पूर्वापार संबंध असल्याने 'तिमाजी' हे रूप मराठी नामपद्धतीतही शिरले आहे. तेव्हा केवळ नावावरून कुटुंब मूळचे पाथरीचे की मूळचे कर्नाटकाचे, हे ठरत नाही.

५

यानंतर उरतो तो पाथरीचा पुरावा. तोच या प्रकरणातील सर्वांत महत्त्वाचा आहे, कारण तो केवळ कथन नसून कृती आहे.

कुलकर्ण हे वतन होते, आणि वतनाचे वैशिष्ट्य असे की ते गैरहजेरीने सहसा बुडत नसे. दुष्काळाने, दंग्याने वा भाऊबंदकीने परागंदा झालेला वतनदार दोन-तीन पिढ्यांनी परत येतो, आपली वंशावळ सांगतो, गोतसभेपुढे साक्षी देववितो आणि वतन मागतो, अशी प्रकरणे मराठी कागदपत्रांत पुष्कळ आहेत. महाराष्ट्रात वंशावळी जपल्या गेल्या त्या मुख्यत्वे याच कारणाने. ज्याला मागावयाचे वतन होते, त्याने बाप, आजा, पणजा लक्षात ठेवले. पूर्वजांची आठवण ही येथे हक्काची भाषा होती.

पाथरीची हकीकत या चौकटीत ठेवली की तिचे स्वरूप स्पष्ट होते. फिरिश्त्याच्या कथनात पूर्वजांचा शोध सुलतान घेत नाही. पाथरीचे ब्राह्मण सुलतानाला शोधीत येतात. वंशज पूर्वज शोधतो अशी सर्वसाधारण समजूत असली, तरी येथे भाऊबंदांनी ऐश्वर्यास चढलेला वंशज शोधला. 'तू आमचा' असे म्हणणाऱ्यांना त्यातून काही मिळावयाचे होते. १५१८ साली बुऱ्हाण पंधरा-सोळा वर्षांचा होता. तो गादीवर आला तेव्हा सात वर्षांचा होता. आजा त्याच्या जन्मापूर्वीच मारला गेला होता आणि बाप तो लहान असताना वारला. पणजाविषयीची माहिती त्याला घरातून मिळाली की आलेल्या मंडळींकडून, हे सांगता येत नाही. शिवाय पाथरी ही सरहद्दीवरची मोक्याची जागा होती. मुलूख हवा असता नात्याचे कारण सोयीचे पडते. ते खोटेच असते असे नव्हे, पण ते सोयीचे असते.

असे असूनही एक गोष्ट नाकारता येत नाही. पाथरी जिंकून ती ब्राह्मणांना दिली गेली आणि ते इनाम फिरिश्त्याच्या हयातीपर्यंतच्या काळाशी भिडणारे होते. इनामासारखी गोष्ट, जिचा पडताळा घेणारे लोक जिवंत होते, ती तो निराधार लिहील असे वाटत नाही. म्हणजे निष्कर्ष इतकाच निघतो : सोळाव्या शतकाच्या पहिल्या तृतीयांशात अहमदनगरच्या मुसलमान राजघराण्याने पाथरीच्या ब्राह्मण कुलकर्ण्यांचे नाते उघडपणे मान्य केले आणि त्यावर व्यवहार केला. हे नाते रक्ताचे होते की मानलेले, हे उपलब्ध साधनांवरून ठरत नाही. परंतु धर्मांतराने व बंदिवासाने तुटलेले नाते पुन्हा जोडण्यात त्या दरबाराला कमीपणा वाटला नाही, ही गोष्ट रक्ताच्या प्रश्नाहून कमी मोलाची नव्हे.

६

अहमदनगरच्या इतिहासातील आणखी दोन उदाहरणे या संदर्भात पाहण्यासारखी आहेत.

पहिले मलिक अंबरचे. निजामशाहीचा हा अखेरचा मोठा आधार मूळचा हबसाणातील. १६१७ साली त्याला भेटलेला डच व्यापारी पीटर फान देन ब्रूके याने त्याचे मूळ नाव चापू असे नोंदविले आहे. बगदादेत त्याला विकत घेणाऱ्या धन्याने 'अंबर' हे नाव दिले. पुढे निजामशाहीचा पेशवा चंगीझखान याने त्याला खरेदी केले. धनी बदलत गेले तसा तो मायदेशापासून दुरावत गेला. गुलामीत पहिले जाते ते बापाचे नाव. गुलामांना आणि नवमुसलमानांना 'अब्दुल्लाचा पुत्र' म्हणण्याची रीत इस्लामी जगात रूढ होती. अब्दुल्ला म्हणजे ईश्वराचा सेवक, आणि तो बाप कोणाचाही असू शकतो. हसनाच्या बाबतीत बापाचे एक नाव, विपर्यस्त का होईना, शिल्लक राहिले. अंबरच्या बाबतीत तेही नाही. १६२६ साली तो वारला तेव्हा त्याच्यामागे कीर्ती होती, मुलगे होते, खुलदाबादची कबर होती. मागे वळून पाहावयास मात्र एकच शब्द होता.

दुसरे उदाहरण भोसले घराण्याचे. मालोजी भोसले निजामशाहीचा सरदार. त्याच्या मुलांची नावे शहाजी व शरीफजी ही अहमदनगरच्या शाह शरीफ या सत्पुरुषाच्या नावावरून ठेविली, अशी परंपरा आहे. त्या सत्पुरुषाचा दर्गा आजही नगराजवळ आहे. समजा, मालोजीविषयी दुसरा काहीच पुरावा उरला नसता आणि एखाद्या अभ्यासकाच्या हाती केवळ ही दोन नावे आली असती, तर त्याने या घराण्याच्या मूळ धर्माविषयी कोणते अनुमान काढले असते? नावे येथे श्रद्धेचा इतिहास सांगतात, वंशाचा नव्हे.

७

राजघराण्यांना तवारीखकार मिळतात. सामान्य कुटुंबांना मिळत नाहीत. नगर जिल्ह्यातील सामान्य कुटुंबाचा पूर्वज शोधावयाचा झाल्यास महजर, करीना, निवाडपत्रे, इनामांच्या चौकशीत दिलेल्या कैफियती, क्षेत्रोपाध्यायांच्या वह्या आणि इंग्रजी अमदानीतील गावनोंदी यांकडे वळावे लागते. १८५२ च्या कायद्याने इनामांची चौकशी सुरू झाली, तेव्हा इनामदारांना आपला वंशक्रम सांगणे भाग पडले. अशा कैफियतींत वंशावळ असते, पण ती हक्क टिकविण्यासाठी रचलेली असते, हे पाथरीच्या उदाहरणावरून लक्षात यावे.

या साधनांत वाट चुकण्याची ठिकाणे भाषिक आहेत. मोडीत ऱ्हस्वदीर्घ पाळलेले नसते आणि शब्दांमध्ये अंतर नसते. 'तिमाजी भैरव' ही अक्षरे सलग आली म्हणजे तो भैरवाचा पुत्र तिमाजी, की तिमाजी आणि भैरव असे दोन इसम, हे संदर्भावरूनच ठरवावे लागते. आजाचे नाव नातवाला ठेवण्याच्या रूढीमुळे तिमाजी भैरव, भैरव तिमाजी आणि पुन्हा तिमाजी भैरव अशी साखळी बनते. तिच्यातील पहिला व तिसरा मनुष्य एक समजला, की दोन पिढ्या गळतात. 'बिन' आणि 'वलद' हे अरबी मूळाचे शब्द असतील तर बापलेकांचे नाते निश्चित होते. परंतु ब्राह्मणांच्या नावांत ते बहुधा गाळलेले असतात.

कालाचा घोटाळा याहून मोठा. शुहूर सनाचे आकडे अरबी शब्दांत लिहीत. सबा म्हणजे सात, सबैन म्हणजे सत्तर, अलफ म्हणजे हजार. 'सबा सबैन व अलफ' म्हणजे १०७७, इसवी सन १६७६–७७. नकलकाराने समान आरंभाच्या दोन शब्दांपैकी 'सबैन' वगळला, तर तेच वर्ष १६०६–०७ होते आणि सत्तर वर्षे, म्हणजे जवळजवळ तीन पिढ्या, एका शब्दात नाहीशा होतात.

'कर'प्रत्ययान्त आडनावांविषयीही असाच विवेक हवा. नेवाशात राहणाऱ्याला नेवाशाचे लोक नेवासकर म्हणत नाहीत. ते नाव गाव सोडल्यावर, परक्या ठिकाणी पडते. म्हणून असे आडनाव वस्तीचे नव्हे, तर स्थलांतराचे चिन्ह होय. त्यात नोंदलेले गाव कुळाचे अगदी मूळ गाव असेलच असे नाही. ते शेवटचे सोडलेले गाव असते. फिरिश्त्याच्या कथेतील कुटुंबालाही विजयनगरच्या लोकांनी पाथरीचे म्हटले असते आणि बीदरच्या लोकांनी विजयनगरचे.

या साधनांत कोण नाही, याचाही विचार झाला पाहिजे. महजरावर बलुतेदारांच्या साक्षी असतात. पाटलाचा नांगर आणि इतरांची आपापल्या धंद्याची निशाणी तेथे उमटते. ज्यांना लिहिता येत नव्हते त्यांची नावे आपल्यापर्यंत पोहोचली ती बहुधा दुसऱ्याच्या वतनाच्या भांडणात साक्षीदार म्हणून. अस्पृश्य मानलेल्या जातींतील ज्या कुटुंबांनी मिशनचा आश्रय घेतला, त्यांची नावे चर्चच्या नोंदवह्यांत स्वतःच्या हक्काने आली. अमेरिकन मराठी मिशनने १८३१ साली नगरात काम सुरू केले आणि १८४२ साली तेथून 'ज्ञानोदय' निघाले. येथील धर्मांतराने नाव सहसा बदलले नाही. १८९५ साली बाप्तिस्मा घेतल्यावरही नारायण वामन टिळक हे नारायण वामन टिळकच राहिले. हसनाच्या आणि टिळकांच्या धर्मांतरातील फरक स्वेच्छेचा आहे, आणि तो नावातच दिसतो.

स्त्रिया मात्र सर्वच दप्तरांत दुर्मीळ. श्राद्धविधी माता, पितामही व प्रपितामही यांचे स्मरण करतो. वतनाचा कागद त्यांची नावे गाळतो. विवाहानंतर नाव बदलण्याच्या चालीमुळे माहेरचा धागा तुटतो. अहिल्याबाई होळकर जामखेड तालुक्यातील चौंडीच्या माणकोजी शिंदे यांची कन्या, हे आपणांस ठाऊक आहे, कारण ती अहिल्याबाई झाली. तिमापाची आई कोण, हा प्रश्न फिरिश्त्याला पडलेला नाही, तबातबाईलाही नाही.

८

पाथरीचे नाव नगर जिल्ह्याच्या इतिहासात पुन्हा एकदा येते, आणि तेही पूर्वजशोधाच्याच संदर्भात. शिरडीचे साईबाबा १९१८ साली समाधिस्थ झाले. त्यांचे जन्मस्थान व मातापिता कोणास ठाऊक नसल्याचे 'श्रीसाईसच्चरित' या गोविंद रघुनाथ दाभोळकरांच्या ग्रंथातच म्हटले आहे. पुढे नरसिंहस्वामींनी जमविलेल्या आठवणींत, आपण पाथरीचे ब्राह्मण असून बालपणी एका फकिराच्या स्वाधीन केले गेलो असे बाबांनी म्हाळसापतींना सांगितल्याचा उल्लेख आला. विश्वास खेर यांनी पाथरीस जाऊन या दिशेने शोध केला. जानेवारी २०२० मध्ये पाथरीच्या विकासाचा विषय निघाला तेव्हा तिला जन्मभूमी म्हणण्यास शिरडीकरांनी विरोध केला आणि गाव बंद ठेवले.

पाथरीचे ब्राह्मण कूळ, बालपणीच मुसलमानाच्या हाती गेलेला मुलगा आणि नगरच्या भूमीत त्याचा उत्कर्ष, ही हसनाच्या कथेची आणि या आठवणीची समान रूपरेषा आहे. एकीवरून दुसरी निघाली असे म्हणण्यास आधार नाही. परंतु ज्या पुरुषाविषयी हिंदू आणि मुसलमान या दोन्ही समाजांना जवळीक वाटते, त्याचा मूळ पुरुष सांगताना दख्खनी मन एका ठरावीक आकाराकडे वळते, हे अभ्यासकाने नोंदवून ठेवावे. समाधिस्थ सत्पुरुषाने स्वतः जे सांगण्याचे टाळले, त्याचा निवाडा गावांच्या चढाओढीने होणार नाही.

९

पूर्वजशोध हा फावल्या वेळाचा छंद आहे, अशी समजूत असेल तर ती अलीकडच्या घटनांनी दूर व्हावी. सप्टेंबर २०२३ मध्ये महाराष्ट्र शासनाने निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली आणि मराठवाड्यातील, नंतर सर्व राज्यातील जुन्या नोंदींत 'कुणबी' हा उल्लेख शोधण्याचे काम सुरू झाले. जन्ममृत्यूच्या नोंदवह्या, शाळांची प्रवेशपुस्तके, महसुली कागद आणि मोडी व उर्दू दप्तरे उघडली गेली. पणज्याच्या नावापुढचा एक शब्द पणतूच्या शिक्षणाशी व नोकरीशी जोडला गेला. येथे 'निजामकालीन' म्हणजे हैदराबादच्या निजामाच्या काळातील, अहमदनगरच्या निजामशाहीचा नव्हे. तरी त्याच पाथरीच्या परिसरात, पाचशे वर्षांनंतर, पुन्हा एकदा वंशावळ ही हक्काची भाषा बनली.

अशा वेळी मोडी वाचणाऱ्याचे दायित्व वाढते. नोंदीतील मनुष्य आणि अर्जदाराच्या वंशावळीतील मनुष्य एकच, हे ठरविताना एकाच नावाच्या आजानातवांची गल्लत झाली, तर एखाद्या कुटुंबाला न मिळणारे मिळते किंवा मिळणारे मिळत नाही. २०२४ साली जिल्ह्याचे नाव अहिल्यानगर झाले आहे. पुढील पिढीच्या अभ्यासकाला सूच्यांमध्ये दोन्ही नावे पाहावी लागतील, हेही सांगून ठेवले पाहिजे.

निजामशाहीच्या उदाहरणावरून जे हाती येते ते असे. पूर्वजाविषयीच्या प्रत्येक कथनाला तीन प्रश्न विचारावेत : ते कोणी सांगितले, केव्हा सांगितले आणि सांगून त्याला काय मिळणार होते. नाव ध्वनीने जुळले म्हणून वंश जुळला असे मानू नये. परंतु जुळण्याची शक्यता कोणत्या भाषेत, कोणत्या लिपीत निर्माण झाली, याचा शोध मात्र अवश्य घ्यावा. कथनापेक्षा कृतीला, आणि कृतीतही जिचा पडताळा समकालीनांना घेता येत होता अशा कृतीला, अधिक वजन द्यावे. या कसोट्या लावल्यावर भैरू कुलकर्णी हा बुऱ्हाणाचा प्रपितामह होता असे छातीठोकपणे म्हणता येत नाही. बुऱ्हाणाने त्याला प्रपितामह मानले, त्याच्या गावासाठी दोनदा सैन्य धाडले आणि त्याच्या भाऊबंदांना ते गाव दिले, इतके म्हणता येते.